कॉलम डेसिमल होता, तरीही बेरीज जुळत नव्हती

महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये आणि पावत्यांच्या बेरजेत ०.०१ चा फरक येतोय असं आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "मॅडम, टेबलमध्ये डेसिमल कॉलम आहे, फ्लोट नाही, तिथे फरक पडूच शकत नाही." (फ्लोट म्हणजे आकडा अंदाजे साठवणारा प्रकार, डेसिमल म्हणजे दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा.) त्या म्हणाल्या, "अगं, कॉलम कसला आहे ते मला कळत नाही, पण पै न पै जुळल्याशिवाय मी महिना बंद करत नाही. आणि मोठा फरक असता ना, तर कुठल्यातरी एका एंट्रीत सापडला असता. हा एवढासा फरक किती एंट्र्यांमध्ये वाटला गेलाय ते कसं कळणार? कुठे वर गेलाय, कुठे खाली गेलाय, आणि शेवटी उरलाय तो फक्त ०.०१."

त्यांचं ते शेवटचं वाक्य डोक्यात अडकून बसलं, कारण खरंच तसं होतं. पुढचे चार दिवस मी एकेक पावती उघडून बघितली आणि गळती एक नाही, तीन जागी निघाली, आणि तिन्ही ठिकाणी डेटाबेसचा कॉलम अगदी व्यवस्थित होता. पैशांसाठी फ्लोट वापरू नका, डेसिमल वापरा, एवढं सांगून बहुतेक लेख थांबतात. ते बरोबरच आहे, पण त्यानंतरचं जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते इथे लिहून ठेवतेय.

आधी फ्लोटचं थोडं, कारण ते नीट समजलं नाही तर पुढचं समजत नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो आणि त्यात एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३३ करत बसावं लागतं, ते कधी संपतच नाही. मशीन दोनच्या पटीत मोजतं आणि त्याची हीच अडचण ०.१ ला होते. ०.१ हा आकडा बायनरीमध्ये, म्हणजे त्या दोनच्या पद्धतीत, संपत नाही, मग ५३ बिट्समध्ये (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) जेवढा बसेल तेवढा ठेवला जातो, आणि खरा साठवला जातो तो ०.१०००००००००००००००…५५५ असा काहीतरी. म्हणून ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. हा कुठल्या एका भाषेचा दोष नाही, आयईईई ७५४ नावाचं १९८५ सालचं स्टँडर्ड आहे आणि जवळजवळ सगळ्या भाषांचे फ्लोट त्याच पद्धतीने चालतात. एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे .०० पासून .९९ पर्यंतच्या शंभर किमतींपैकी फक्त चारच बायनरीमध्ये तंतोतंत बसतात, .००, .२५, .५० आणि .७५. बाकीच्या शहाण्णव सगळ्या अंदाजे. आणि टेस्ट लिहिताना आपण हमखास काय घेतो, १०.५० आणि २०.२५, म्हणजे नेमक्या त्याच चारांपैकी, मग टेस्ट हिरव्या दिसतात आणि आपण निवांत.

आता पहिली गळती. पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे वसूल करणाऱ्या सेवेला) रक्कम पाठवताना बहुतेक ठिकाणी ती सगळ्यात छोट्या एककात पाठवावी लागते, म्हणजे १९.९९ असेल तर १९९९. आमच्या पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) कोडमध्ये रक्कम गुणिले १०० करून त्याचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, केला होता. वाचायला एकदम साधी ओळ, कुणीही रिव्ह्यूमध्ये पास करेल, मीच केली होती. पण १९.९९ गुणिले १०० हे फ्लोटमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं आणि इंटिजर करताना दशांशाचा भाग राउंड होत नाही, कापला जातो, म्हणून गेटवेला गेले १९९८. पावतीवर १९.९९, खात्यात जमा १९.९८. सगळ्या रकमांना हे होत नाही हा त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग, ४.३५ ला होतं आणि ४.५० ला होत नाही, त्यामुळे एखादी पावती हाताने तपासली आणि ती बरोबर निघाली की वाटतं इथे काही नाही, पुढे चला.

हे दुरुस्त करताना गुणाकारावर राउंड लावणं हा झटपट उपाय आहे आणि रोजच्या रकमांना तो चालतो, पण मला तो मनापासून पटला नाही, कारण त्यात रक्कम आधी फ्लोट झालेली असते आणि मग आपण ती परत सावरतो. डेटाबेसमधून ती स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे मजकूर म्हणून, येत होती, "१९.९९" अशी. मग स्ट्रिंगवरच काम करायचं, बीसी-मॅथसारखी, स्ट्रिंगमधल्या आकड्यांवर थेट हिशेब करणारी लायब्ररी वापरायची, मधे फ्लोट होऊच द्यायचा नाही. फक्त बीसी-मॅथची एक गोष्ट आधीच सांगते, तिचा गुणाकार दिलेल्या दशांश स्थळांनंतरचं राउंड करत नाही, कापतो. ०.९९ ला ०.०७ ने गुणून दोन स्थळं मागितली तर खरं उत्तर ०.०६९३ असताना ०.०६ मिळतं, ०.०७ नाही. मी फ्लोटमधून बाहेर पडल्याच्या आनंदात हे विसरले असते तर एक गळती बुजवून दुसरी उघडली असती. आधी जास्त स्थळं मागायची, चार-सहा, आणि शेवटी एकदाच राउंड करायचं.

ड्रायव्हर, म्हणजे कोड आणि डेटाबेस जोडणारा भाग, डेसिमल कॉलमची किंमत स्ट्रिंग म्हणून का देतो, हा प्रश्न नवीन मुलं नेहमी विचारतात आणि त्यांना तो बग वाटतो. डेटाबेस मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, नोडचे (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचे) नेहमीचे ड्रायव्हरसुद्धा हेच करतात, आणि मुद्दाम करतात, कारण जावास्क्रिप्टमध्ये आकडा म्हणजे तोच ५३ बिट्सचा फ्लोट, त्यात टाकलं की डेसिमलने जपलेलं सगळं गेलं. मग काय होतं, कुणीतरी दोन रकमा सरळ अधिक चिन्हाने जोडतं आणि "१०.००" अधिक "५.००" चं "१०.००५.००" दिसतं, मग घाईघाईत सगळीकडे नंबर करून टाकतात आणि प्रश्न मिटला असं समजतात. तसं करू नका हो. त्या स्ट्रिंगला हात लावायच्या आधी एखादी डेसिमल लायब्ररी आणा किंवा इंटिजर करून घ्या. जेसनमधून (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा प्रकार) पाठवतानाही रक्कम अवतरण चिन्हात स्ट्रिंग म्हणूनच पाठवा, नाहीतर पलीकडचा पार्सर (तो मजकूर वाचणारा कोड) ती फ्लोट करणार.

दुसरी गळती स्क्रीनसाठी केलेल्या फॉरमॅटमधून आली. पीएचपीचं नंबर-फॉरमॅट हजाराच्या जागी स्वल्पविराम टाकून देतं, १२३४.५० चं "१,२३४.५०" होतं, दिसायला छान. पण ते दाखवण्यासाठी आहे, हिशेबासाठी नाही. आमच्याकडे एका एडिट फॉर्ममध्ये ती फॉरमॅट केलेली किंमत इनपुटमध्ये भरली जात होती आणि सेव्ह करताना तिला फ्लोट केलं जात होतं. "१,२३४.५०" ला फ्लोट केलं की पीएचपी स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि थांबतं, उत्तर येतं १. एक! हजाराच्या वरची रक्कम कुणी फक्त उघडून सेव्ह केली तरी तिचा स्वल्पविरामाआधीचा भागच उरणार. असा एकच रेकॉर्ड सापडला आणि तो कुणीतरी नंतर हाताने दुरुस्तही केला होता, पण दुरुस्त करताना शेवटचा अंक चुकला होता, ०.०१ मधला काही भाग तिथून.

यालाच जोडून, जगात सगळे लोक टिंबाला दशांश मानत नाहीत. जर्मनीत १.२३४,५६ असं लिहितात, टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. आता सर्व्हरवर जर कुणी "सगळे स्वल्पविराम काढून टाका" असा साधा नियम लावला असेल तर १२,५० चं १२५० होतं, शंभरपट. वापरणारा कुठल्या पद्धतीत टाइप करतोय ते आधी ठरवा, मगच आकडा वाचा, आणि शंका असेल तर अंदाज न बांधता एरर द्या. ब्राउझरच्या नंबर टाइप इनपुटला स्टेप ०.०१ द्यायची राहिली तर तो १२.५० स्वीकारतच नाही, कारण डीफॉल्ट स्टेप १ असते, हेही कितीतरी वेळा राहून जातं.

तिसरी गळती हीच मॅडमच्या फरकाचं मुख्य कारण होती आणि तिच्यात कोडची एकही ओळ चुकीची नव्हती. पावती बनवताना आम्ही प्रत्येक लाइन आयटमवर कर काढून तो दोन स्थळांना राउंड करायचो आणि मग बेरीज. रिपोर्टची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) मात्र सगळ्या रकमांची बेरीज करून त्यावर एकदाच कर काढायची. साधं उदाहरण घ्या, ०.९९ च्या दहा ओळी आणि ७ टक्के कर. एका ओळीचा कर ०.०६९३, राउंड करून ०.०७, दहा ओळींचे ०.७०. आता एकत्र करा, ९.९० वर ७ टक्के म्हणजे ०.६९३, राउंड करून ०.६९. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आणि फरक ०.०१. कुठला धरायचा हे प्रोग्रामरने ठरवायचंच नाही, ते हिशेब ठेवणाऱ्यांनी आणि तिथल्या कर नियमांनी ठरवायचं, आपण फक्त एकदा विचारून घ्यायचं आणि मग सगळीकडे तेच ठेवायचं. मी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पावतीवर जो कर छापलाय तोच खरा, गिऱ्हाइकाच्या हातात तोच कागद आहे." म्हणजे रिपोर्टने कर परत काढायचाच नाही, साठवलेला कर फक्त जोडायचा. क्वेरीतला गुणाकार काढून टाकला, बेरीज ठेवली. चार दिवस शोधलं आणि बदल झाला एका ओळीचा.

राउंडिंगबद्दल अजून थोडं बोलायलाच हवं, कारण "राउंड कर" असं म्हटलं की सगळ्यांना वाटतं एकच पद्धत आहे. बरोबर अर्ध्यावर आकडा आला की काय करायचं यात प्रत्येकाचं वेगळं. मायएसक्यूएल डेसिमलमधल्या २.५ चं ३ करतं. पायथनचं राउंड २.५ चं २ करतं, कारण ते सम संख्येकडे झुकतं, याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, आणि खूप आकडे जोडायचे असतील तर त्यात बेरीज एका बाजूला सरकत नाही हा त्याचा फायदा. जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड २.५ चं ३ करतं पण उणे २.५ चं उणे २ करतं, म्हणजे नेहमी वरच्या दिशेला. आता विचार करा, पावती केली तेव्हा ३ आणि त्याच पावतीचा रिफंड उणे रकमेने काढला तर उणे २, एक उरलाच. पीएचपीचं राउंड मात्र उणे ३ देतं. फ्रंटएंड (ब्राउझरमधला भाग) एका भाषेत आणि बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) दुसऱ्या भाषेत असेल तर हे होणारच, म्हणून मी आता फ्रंटएंडला हिशेब करूच देत नाही, तिथे फक्त सर्व्हरने दिलेला आकडा दाखवायचा. जावास्क्रिप्टच्या टू-फिक्स्डवर (ठरावीक दशांश स्थळं देणाऱ्या फंक्शनवर) पण भरवसा ठेवू नका, १.००५ ला दोन स्थळं मागितली तर १.०१ येत नाही, १.०० येतं, कारण आत साठवलेला आकडा १.००५ पेक्षा किंचित कमीच असतो.

आणि कापण्याचं काय होऊ शकतं त्याची एक खरी गोष्ट सांगते. व्हँकुव्हर स्टॉक एक्स्चेंजने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो परत मोजला जायचा आणि तीन दशांश स्थळांनंतरचं राउंड न करता कापलं जायचं. दरवेळी गेलेला भाग ०.००१ पेक्षाही कमी, पण दिवसाला हजारो वेळा, आणि नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास आला होता, आणि हिशेब दुरुस्त केला तेव्हा तो १०९८ च्या वर निघाला. म्हणजे निम्म्याहून जास्त किंमत फक्त कापण्यात गेली होती. मॅडमना ही गोष्ट सांगितली तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

कॉलमकडे येते. मायएसक्यूएलमध्ये नुसतं डेसिमल लिहिलं आणि कंसात काही दिलं नाही तर ते डेसिमल(१०,०) होतं (पहिला आकडा एकूण अंक, दुसरा दशांश स्थळं), म्हणजे दशांशाला जागाच नाही, १९.९९ टाकलं की २० होऊन बसतं. स्थळं नेहमी स्पष्ट लिहा. जागा जास्त लागते म्हणून डेसिमल टाळणारेही भेटतात, पण मायएसक्यूएलमध्ये डेसिमल(१५,२) ला ७ बाइट लागतात आणि डबलला (५३ बिट्सवाल्या मोठ्या फ्लोटला) ८, तेव्हा ती भीती काढून टाका. साधा फ्लोट तर अगदीच नको, त्यात १२३४५६७.८९ टाकलं की आत १२३४५६७.८७५ जाऊन बसतं, आणि नंतर कॉलम बदलून डेसिमल केला तरी गेलेला अंक परत येत नाही. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक (तिथला डेसिमल) घ्या. तिथे मनी नावाचा टाइप आहे आणि नाव बघून मोह होतो, पण त्याची दशांश स्थळं सर्व्हरच्या लोकॅल (देश-भाषेच्या) सेटिंगवर अवलंबून असतात आणि चलन कुठलं ते तो ठेवतच नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मनी टाइपला चार स्थळं असतात, मनीला मनीने भागलं की उत्तरही चारच स्थळांचं, टक्केवारी काढताना हे जाणवतं. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल असं लिहिता येतं पण आत तो खरा डेसिमल नसतो, दशांश असलेला आकडा फ्लोट म्हणूनच साठतो, तिथे सरळ इंटिजर ठेवणं बरं.

इंटिजर की डेसिमल हा वाद कायम चालतो. सगळ्यात छोट्या एककात इंटिजर ठेवायचा याचा फायदा असा की कुठल्याही भाषेत तो बिघडत नाही, जावास्क्रिप्टमध्येही ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत तंतोतंत राहतो. तोटा असा की त्या इंटिजरला कितीने भागायचं हे कुठेतरी लिहिलेलं लागतं आणि लोक डोळे मिटून १०० लिहितात. सगळी चलनं दोन स्थळांची नसतात. आयएसओ ४२१७ मध्ये प्रत्येक चलनाचा तीन अक्षरी कोड आणि त्याची दशांश स्थळं दिलेली आहेत, त्यात डॉलर, युरो, रुपया यांना दोन, पण जपानी येन आणि कोरियन वॉनला शून्य, आणि कुवेत, बहारीन, जॉर्डनच्या दिनारला तीन. येनच्या रकमेला १०० ने गुणून गेटवेला पाठवलं तर गिऱ्हाइकाकडून शंभरपट पैसे कापले जातील. मी स्वतः डेटाबेसमध्ये डेसिमल आणि शेजारी तीन अक्षरी चलनाचा कॉलम असं ठेवते, कारण मॅडमसारखं कुणी थेट टेबल बघायला बसलं तर आकडा वाचता आला पाहिजे. चलनाच्या कॉलमशिवाय रक्कम मात्र ठेवायचीच नाही, आज एकच चलन असलं तरी.

विनिमय दराला रकमेचा कॉलम टाइप लावू नका, दराला जास्त स्थळं लागतात. युरो आला तेव्हा यासाठी कायदाच केला होता, जुन्या चलनांचे दर सहा सार्थ अंकांचे ठरवले, एक युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क, ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, आणि हे दर राउंड करायचे नाहीत, उलटा दर काढून वापरायचाही नाही असं १९९७ च्या त्या नियमात स्पष्ट लिहिलंय. इतक्या काळजीने लिहिलेला नियम वाचला की आपण दर दोन स्थळांच्या कॉलममध्ये ठेवतो याची जाणीव होते.

वाटणीचं राहिलं. १००.०० तिघांत वाटायचे तर ३३.३३ तिनदा म्हणजे ९९.९९, ०.०१ कुठे गेला? इंटिजरमध्ये करा, १०००० भागिले ३, भागाकार ३३३३ आणि बाकी १, ती बाकी पहिल्याला द्या, ३३.३४, ३३.३३, ३३.३३. पूर्ण पावतीवरची सूट ओळींमध्ये वाटताना पण असंच, ज्या ओळीचा कापलेला भाग सगळ्यात मोठा तिला उरलेलं आधी. आणि वाटलेले आकडे साठवून ठेवा, रिफंडच्या वेळी परत काढू नका.

जुन्या पावत्यांना मी हात लावला नाही. ज्यांच्याकडे कागद गेलाय त्यांचा आकडा बदलायचा नाही असं मॅडमनी ठामपणे सांगितलं, आणि जमा न झालेले ते ०.०१ त्यांनी एका वेगळ्या समायोजनाच्या एंट्रीत दाखवले. गेल्या महिन्याचा रिपोर्ट पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला, "जुळलं गं." मग लगेच दुसरा प्रश्न, पुढच्या तिमाहीत कुवेती दिनारमध्ये पावती करायची आहे, होईल ना? आमचा कॉलम अजून डेसिमल(१५,२) आहे. या आठवड्यात तो (१९,४) करतेय, आणि कोडमध्ये जिथे जिथे १०० लिहिलंय ती यादी काढलीय, आत्तापर्यंत सतरा जागा सापडल्यात.